सातव्या बाईच्या नवऱ्याबद्दल

तंजावूर,
रविवार

तीर्थस्वरूप वरलक्ष्मीअक्का यांना अनिरुद्धरावाचा साष्टांग नमस्कार.

वर्ष पुरं व्हायला अजून चार महिने आहेत, म्हणून कागदाच्या माथ्यावर 'श्री' घातलेला नाही. विसरलो असं समजू नये. तुमची आणि रंगरावांची प्रकृती बरी असेल. म्हैसूरच्या थंडीत रंगरावांचा गुडघा त्रास देतो, असं कमलाक्षी सांगायची. आता सांगणारं कुणी नाही, म्हणून मीच विचारतो. (डावा की उजवा, हे मी कधी नीट ऐकलं नाही. माफी असावी.) माझं बरं आहे. सकाळी कोपऱ्यावरच्या मेसमधून इडली येते, दुपारी मी भात लावतो. मुलगा कोइंबतूरहून दर आठवड्याला फोन करतो आणि आम्ही दोघं मिळून हवामानाबद्दल बोलतो.

तुमच्या बहिणीला जाऊन आठ महिने झाले, तेवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितो आहे ते माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला.

आमच्या शेजारच्या वेंकटरावांची नात हरिणी इथल्या कॉलेजात पीएच. डी. करते. विषय असा की लग्नाला तीस वर्षं उलटलेल्या इथल्या आपल्या मराठी बायका घरात काय बोलतात आणि काय मनात ठेवतात. त्यासाठी तिनं बायका निवडल्या बारा. बारा! मी छत्तीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढली. तालुक्याच्या भाताचा अंदाज करायचा तर आम्ही चिठ्ठ्या टाकून शेतं निवडायचो, दोरीनं पाच मीटरचा चौकोन आखायचो, कापायचो, झोडायचो, तोलायचो. पीक बरं दिसतं म्हणून चौकोन दोन हात सरकवला तर मेमो मिळायचा. ही पोर मात्र बोलक्या बायका शोधून निवडते, एकेकीकडे तीन-तीनदा जाऊन कॉफी पिते, एकीला विचारलेलं दुसरीला विचारत नाही आणि त्याला संशोधन म्हणते. कमलाक्षीकडेही ती येऊन गेली होती. तेव्हा मला बाहेर तिण्णैच्या ओट्यावर बसायला सांगितलं. मी तिथल्या गार दगडावर बसून पेपर वाचला.

गेल्या महिन्यात हरिणीच्या गाइड, लक्ष्मीप्रिया मॅडम, स्वतः घरी आल्या. (हरिणी त्या दिवशी पापनाशमला नवव्या बाईकडे काही पडताळायला गेली होती. ती इथे असती तर पुढचं काही घडलं नसतं.) अशा कामाची पारख करायला बाहेरचा एक माणूस लागतो, आपल्या लोकांतला आणि पाहणीचं काम जाणणारा, असं म्हणून त्यांनी बाराही मुलाखतींचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. गावं बदललेली, नवऱ्यांच्या नोकऱ्या बदललेल्या, नावं ज्या त्या बाईनं स्वतः निवडलेली. कोणती बाई कोण, हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं. कमलाक्षीची मुलाखत त्यात असेल असं माझ्या मनात आलं नाही. आमच्या खात्यात पाहणी पुरी होण्याआधी माणूस गेला की त्याचा फॉर्म बाद.

सातवी बाई म्हणजे भुवना, राहणार कुंभकोणम. नवरा प्राणेश, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. ही बाई म्हणते, नवी साडी नेसून समोर उभी राहिले तर हे म्हणतात, जरा सरक, वारा अडतो. माझी आई गेली तेव्हा मी रडत होते, हे शेजारी येऊन बसले आणि अर्ध्या तासानं म्हणाले, बसची वेळ झाली. मी लाल पेन्सिलीनं समासात लिहिलं, 'अतिशयोक्ती. असा नवरा संभवत नाही. असलाच तर अपवाद. अपवादावरून निष्कर्ष काढू नये. मुलाखत वगळावी.' खाली सही, तारीख. एका ठिकाणी 'बिचारी' असंही लिहिलं. हे खात्याच्या शिस्तीत बसत नाही, पण हातून लिहिलं गेलं. पुढची पानं मग वाचली नाहीत.

गठ्ठा परत गेल्यावर दोन दिवसांनी हरिणी आली. मी तिला सांगितलं, तुझ्या सातवीचा नवरा माणूस नव्हे, मैलाचा दगड आहे. ती डवऱ्याच्या वाटीतली कॉफी टंबलरमध्ये आणि टंबलरमधली डवऱ्यात ओतत राहिली. कॉफी पार निवली. मग म्हणाली, "मामा, सातवीचं शेवटपर्यंत वाचा ना," आणि कागद ठेवून गेली.

अकराव्या पानावर भुवना म्हणते, 'जेवण कसं झालंय विचारलं की ताटात बघूनच सांगतात, सरासरी.'

अक्का, पार्सल ऑफिसातला माणूस असं कशाला म्हणेल? हरिणीनं सगळं बदललं, तेवढा एक शब्द राहिला. मी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून परत वाचलं. एक्केचाळीस वर्षांत जिनं माझं नाव तोंडानं घेतलं नाही, तिला या कामासाठी मला एक नाव द्यावं लागलं. प्राणेश. मला ते बरं वाटलं. पण ती तीन दुपारी बसून जे बोलली, ते मी लाल पेन्सिलीनं खोडलं होतं, आणि शुक्रवारच्या बैठकीत माझ्याच शिफारशीनं ते प्रबंधातून जाणार होतं.

शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात गेलो. मॅडम म्हणाल्या, "सर, मुद्दा तुमचाच. एका बाईचं सांगणं सगळ्यांना कसं लागू होणार?" मी म्हणालो, लागू करूच नये, ती सगळ्यांबद्दल बोलतच नाही. अशा कामात किती जणी हे विचारायचं नसतं. बाईला पुरता वेळ मिळाला का, पुन्हा विचारल्यावर ती तेच सांगते का, विचारणारीनं आपले शब्द तिच्या तोंडात घातले का, हे बघायचं असतं. (हे मला आठवड्यापूर्वी ठाऊक नव्हतं. हरिणीची पुस्तकं आणून वाचली.) बसची गोष्ट तिनं तिन्ही खेपांना सांगितली आहे. त्या नव्या साडीचा रंग दरवेळी वेगळा, अर्धा तास मात्र तोच. तिसऱ्या खेपेला हरिणी विचारते, म्हणजे ते कठोर होते? त्यावर ती म्हणते, 'मी कुठे म्हणाले कठोर? उगाच काहीतरी लिहू नकोस. अर्धा तास बसले ना शेजारी.'

मॅडम म्हणाल्या, "पण खरं कशावरून? त्या नवऱ्याला कुणी पाहिलंय?" शेजारी बसलेली हरिणी पंख्याकडे बघू लागली.

"मी पाहिलंय," मी म्हणालो.

"कसा आहे माणूस?"

"लिहिलाय तसाच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, हरिणीकडे बघितलं आणि फाइल मिटली. मग त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली. बाई हयात नसेल तर घरच्यांची संमती लागते. तो कागद हरिणीनं पुढे केला, मी सही केली. लाल शेरे मी स्वतः रबरानं पुसले, 'बिचारी' तेवढं राहू दिलं.

रंगरावांना नमस्कार. गुडघ्याला गरम तेल लावावं, दोन्ही.

तुमचा,
अनिरुद्धराव

ता. क. हरिणी तुम्हाला फोन करील. एकीचं सांगणं दुसरीकडून पडताळून घ्यावं लागतं, आणि ती आई तुमचीही होती, तुम्ही तिथेच होतात. जे पाहिलंत ते सांगावं, माझी बाजू घेऊ नये. भटजींना आणायला तंजावूरला जायचं होतं आणि पुढची बस दोन तासांनी होती, एवढं मात्र सांगितलंत तर हरकत नाही.

आणखी एक. खरं तर पत्र याचसाठी. शेवटच्या पानावर हरिणी विचारते, त्या दिवशी त्यांनी काय बोलायला हवं होतं? खाली कंसात टाइप केलं आहे, 'येथे भुवना यांच्या सांगण्यावरून रेकॉर्डिंग बंद केले.' पुढे कोरा कागद. हरिणी सांगत नाही, शब्द दिलाय म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. पण कमलाक्षी तुमच्यापाशी सगळं बोलायची. हे बोलली असेल तर मला कळवावं. प्रबंधासाठी नव्हे. फोनवर नको, मला लगेच काही बोलता येणार नाही. साध्या पोस्टकार्डावर लिहिलंत तरी चालेल. या गल्लीत देवनागरी वाचणारा आता मी एकटाच आहे.