हिरवा स्टिकर

ताई,

तुझी गाडी जळाली त्याला आज महिना झाला. कुणाला काही झालं नाही, पण तुला एक सांगायचं राहिलंय.

इंजिनाजवळची वायर तापून पेट घेते, म्हणून कंपनीने तुझ्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या वायर बदलायला परत बोलावल्या होत्या. नव्या वायरी आल्याच नाहीत. मग आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या वायरीलाच टेप गुंडाळायचे आणि काचेवर 'काम झालं' असा हिरवा स्टिकर लावायचे. काउंटरवरून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हळूच सांगायचे, "गाडी घरापासून लांब लावा हं."

तुला नाही सांगितलं. वायरीसाठी गाडी घेऊन आलीस त्या दिवशी आल्या आल्या तू म्हणालीस, "तुझी स्कूटर जरा बाजूला घे गं, माझ्या गाडीला ओरखडा पडेल." लहानपणापासून नवं ते तुझं, आणि तुला नकोसं झालं की माझं. म्हटलं, जाऊ दे.

आग लागल्यावर पहिला फोन तू मलाच केलास. रडलीस, पण मला एका शब्दाने बोलली नाहीस. त्याचाही मला राग आला. चांगुलपणासुद्धा तुझ्याच वाट्याला का यावा?

काल कंपनीने तुला बदली गाडी दिली. तेच मॉडेल, कोरी करकरीत. किल्ली मीच तुझ्या हातात ठेवली. काचेवर हिरवा स्टिकर होता. वायरी अजून आलेल्या नाहीत.

गाडी तू मुलांच्या खोलीखालीच लावतेस. हे पत्र संपलं की तुला फोन करते, असं कालपासून म्हणतेय.

तुझे जुने फ्रॉक घालून वाढलेली,
धाकटी