उत्तनच्या समोर, पंचवीस वाव

बाबा, त्या सकाळी मी वायरलेसवर खोटं बोललो आणि तुम्ही तुमच्या पेल्यातला अर्धा चहा मला दिलात. आपण अर्नाळ्याच्या समोर होतो आणि जाळ्यात पापलेट लागत होतं. तुमच्या बरोबरीचे, आपल्याच गल्लीच्या टोकाला राहणारे तांडेल, ज्यांना मी काका म्हणतो, त्यांची बोट तासाभराच्या अंतरावर होती. त्यांनी विचारलं, "काय लागतंय का रे? कुठे आहात?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नुसता पंजा खाली दाबलात, सांगू नको म्हणून. मी म्हणालो, "काय नाय काका, उत्तनच्या समोर पडलोय, पंचवीस वाव खोल पाण्यात. नुसता कचरा येतोय." खरी जागा कुठलाच तांडेल सांगत नाही, त्यात मोठंसं काही नव्हतं. पण तुम्ही हसलात, पेला पुढे केलात आणि म्हणालात, "आता तांडेल शोभतोस." गावच्या शाळेत सातवी झाल्यावर तुम्ही मला वेसाव्याला आणलंत, त्यानंतर तुमच्या तोंडून ऐकलेली ती पहिली शाबासकी. शेवटचीही तीच.

दहाच्या सुमारास तुम्ही छातीवर हात धरून खाली बसलात. "पित्त झालंय, जाळं सोडू नका," म्हणालात. पण घाम असा सुटला होता की बनियन पिळून निघालं असतं. मी घाबरून इंजिन चालू करायला सांगितलं. जाळं अजून पाण्यात आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते बोटीखालच्या पंख्यात गुंडाळलं आणि बोट जागच्या जागी ठप्प झाली. खलाशी सुरे घेऊन पाण्यात उतरले. केबिनमध्ये आपण दोघंच. मी वायरलेस उचलला. "काका, बाबांच्या छातीत कळ आलीय. पंखा अडकलाय. लवकर या." त्यांनी विचारलं, "जागा सांग." आणि मी सांगितलं, "उत्तनच्या समोर, पंचवीस वाव." खरखर होती म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. बाबा, मला काही लपवायचं नव्हतं. सकाळपासून जो विचारेल त्याला तेच सांगत होतो, तोंडाला तेच वळण पडलं होतं.

तुमचं डोकं माझ्या मांडीवर आहे. मी देवीचं नाव घेतोय, तुमचे तळवे चोळतोय, दर थोड्या वेळानं बाहेर बघतोय. नुसतं पाणी. मग खूप वेळानं वायरलेसवर काकांचा आवाज येतो, "अरे, इथे कुत्रं नाही पाण्यावर! कुठे मेलात?" तेव्हा मला कळलं. मी ओरडून अर्नाळ्याचं नाव सांगितलं; उत्तन तिथून कितीतरी दक्षिणेला. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. तुम्हांला समजलं होतं का, हे मला आज चोवीस वर्षं ठाऊक नाही. काकांची बोट दिसली तेव्हा तुमचा हात माझ्या हातात गार झाला होता.

बंदरावर आईनं एकच विचारलं, "तासाभराच्या वाटेला त्याला एवढा वेळ का लागला?" आदल्या वर्षी जाळं तुटण्यावरून तुमचं आणि त्यांचं भांडण झालं होतं, ते तिच्या डोक्यात होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. आमच्या दोघांच्या गप्प राहण्यातून आईनं आपलं काय ते ठरवलं. अंधेरीच्या बाजारात काकूंच्या शेजारी तिची बसायची जागा होती. ती सोडून ती गटाराच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि धंदा सोडेपर्यंत तिथेच मासळी विकली. काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तिनं दारातूनच परत केली. मी दर फेरीला देवीपुढे नारळ फोडत आलो, पण ही गोष्ट त्या देवीपुढेही कधी बोललो नाही. जणू तिला ठाऊकच नव्हतं.

आता काकांना अन्न जात नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. हे कळल्यावर आई म्हणाली, "मरू दे. माझा माणूस तडफडत होता आणि हा आपलं जाळं ओढत बसला होता. तू खांदा द्यायला जायचं नाहीस, सांगून ठेवते." ते गेले तर हा डाग घेऊन जातील, आणि तो पुसू शकणारा मी एकटा.

सोमवारी त्यांच्याकडे गेलो. खाटेवर नुसती हाडं. मला पाहून म्हणाले, "चोवीस वर्षं लागली तुला? आपली गल्ली एवढी लांब कधी झाली रे?" मी पायाशी बसलो. "काका, तुम्ही तेव्हाच आईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तिचा नवरा गेलेला. पोरगा पण घालवायचा होता का तिचा?" मग दम खाऊन म्हणाले, "पण आता सांग. मी आहे तोवर सांग."

आई अंगणात जवळा निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. तिची बोटं आधी चालत राहिली, मग थांबली. "किती वेळा सांगितलंस उत्तन?"

"दोनदा."

"आणि तो दोन्ही वेळा खरं मानून धावला." एवढंच बोलली. हातही न धुता उठली आणि त्यांच्या घराकडे चालू लागली. मी मागून गेलो, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. तिचं रडणं तेवढं ऐकू आलं.

आज चौथा दिवस. ती माझ्याशी बोलत नाही. सकाळी पेज करते, झाकून काकांकडे नेते, दोन चमचे तरी पोटात जातात म्हणे. मला भीती वाटते, ती मला कधीच माफ करणार नाही. पण मी सांगितलं, बाबा.

एक मात्र गाळलं. ते खोटं माझंच होतं, असं तिला सांगितलं. तुमच्या पंजाचं आणि त्या अर्ध्या चहाचं नाही सांगितलं. म्हणून हा कागद तिच्या हाती लागू द्यायचा नाही.