ताणून मोजायचं नाही

अप्पा, दुर्गदबैल बाजारातल्या आपल्या दुकानात इलॅस्टिक ताणून मोजायचं नाही, हा तुमचा नियम होता. गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत ते आखडतं आणि दुकानाचं नाव जातं, असं तुम्ही म्हणायचात. तो नियम मी मोडला, तो दिवस आज सारखा आठवतोय. माझं बी.एस्सी. झालं होतं, मला धारवाडला जाऊन पुढे शिकायचं होतं, आणि तुमच्या डोक्यात माझ्यासाठी स्थळं घोळत होती. ध्रुवाकडच्या आकाशात तो हिरवा उजेड कशानं पडतो ते मला कळेल असं सांग, मग बघू, असं म्हणून तुम्ही मला टोलवलंत. मी काही हटणार नव्हते.

त्या दिवशी गल्ल्यापुढे उभी राहून मी सांगते आहे. सूर्याकडून विजेने भारलेल्या कणांचा वारा सतत वाहतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तो अडवतं, पण रात्रीच्या बाजूला तेच क्षेत्र लांब शेपटासारखं मागे ओढलं जातं आणि त्यात ताण साठत राहतो. तुम्ही जांभई दाबता. तेव्हा मी इलॅस्टिकचं एक टोक तुमच्या हातात देते आणि ओढतच राहते. ते तुटून तुमच्या बोटांवर सटकन बसतं. तिथेही असंच होतं, मी म्हणते. शेपूट तुटतं, पुन्हा जुळतं, आणि पृथ्वीकडचा भाग आखडताना कणांना ध्रुवांकडे भिरकावतो. ते वरच्या हवेवर आदळले की हवा हिरवी उजळते.

"माल गेला बघ वाया," तुम्ही बोटं चोळत म्हणालात. मग विचारलंत, "कधी तुटणार, ते आधी कळतं काय ग?"

"नाही. नेमकं कशानं तुटतं, यावर अजून भांडणं चालली आहेत."

तुम्ही तो तुटका तुकडा माझ्या हातात ठेवलात आणि सौदा पटल्यावर गिऱ्हाइकाला कानडीत म्हणायचात तसं म्हणालात, "आयतु. जा, तूच शोध."

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आता उपग्रह त्या शेपटात शिरून मोजमाप करतात आणि मी त्यांचे आकडे तपासत बसते. भांडण मिटलेलं नाही. मी थकते, चिडते, पण सोडणार नाही. तुमचा तुकडा टेबलावर आहे, सैल पडलाय, आता ताणलाही जात नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून कबूल करते, अप्पा: उत्तर सापडलं तर आधी कुणाला सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.