निरोपाच्या पदाला वन्स मोअर

२९ डिसेंबर १९५४, जळगाव

नाटकाचं पाल उभं राहिलं! दुपारी दुकान सुपडूवर टाकून स्वतः बघून आलो. तापीविलास मंडळीची तीच निळी झालर, तोच बांबूचा दरवाजा. फक्त फळीवर नवं नाव — संगीत परका पाहुणा. उद्या पहिला खेळ.

दुकानाच्या वह्या मारवाडीत, ही वही मराठीत. कारण हिच्यात नाटकं असतात, आणि नाटक मी मराठीतच ऐकलं. आमच्या समाजात याला दीपचंदचं खूळ म्हणतात. म्हणोत बापडे. जळगावात कापडाची दुकानं पुष्कळ आहेत, वन्स मोअर शेठ एकच! बावीस वर्षं अभिमनबुवांच्या पदाला पहिला वन्स मोअर माझा. मी खुर्चीतून उठलो की मग बाकीचे उठतात. बुवा दुसऱ्यांदा गातात ते माझ्याकडे बघून. हे घरी बायकोला, चंदनबाईला सांगितलं की ती म्हणते, मग मी काय करू, आरती ओवाळू?

सुपडू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. गिऱ्हाइकंही तशीच. एकेकाला दोनदा विचारावं लागतं, किती वार म्हणून.

३१ डिसेंबर

काय लिहू. सकाळी वही उघडली आणि मिटली. आता दिवेलागणीला लिहितोय.

काल सूर्य मावळायच्या आधी जेवून घेतलं, ठेवणीतला कोट घातला, पहिल्या रांगेत माझ्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसलो. गोष्ट चांगली आहे. बाप पंधरा वर्षांनी परत येतो, मुलीच्याच घरी पाहुणा म्हणून उतरतो, ती त्याला ओळखत नाही, आणि तो न सांगताच निघून जातो. जाताना निरोपाचं पद. बापाच्या कामात बुवा. आणखी काय हवं?

पण ते पद! तबला ऐकू येतोय, ऑर्गनचा खर्ज घुमतोय, आणि त्यांच्या खाली कुठेतरी बुवा. मेघावती नाटकात हाच माणूस वरच्या षड्जावर जाऊन बसायचा आणि खाली उतरायचं नाव काढायचा नाही. काल हात वर गेला, भुवया वर गेल्या, आवाज मात्र जागच्या जागी. ताना म्हणजे लांब दुसऱ्या गल्लीत कुणी लुगडं झटकतंय!

पद संपलं. सगळं पाल माझ्या खुर्चीकडे बघायला लागलं. बुवासुद्धा. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. देवळात खोटा नवस बोलीन, पण पालात खोटा वन्स मोअर देणार नाही. मी उठलो नाही म्हणून कुणीच उठलं नाही. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले होते, ते गोष्टीसाठी असणार. शेवटी बुवांनी पुढचं वाक्य घेतलं.

असं बावीस वर्षांत झालं नव्हतं.

१ जानेवारी १९५५

जेवण जात नाही. कुणी गेल्यासारखं वाटतंय घरात.

परवा बाहेर पडताना मंडळीचा मॅनेजर मागे लागला होता — यंदा पाल नव्या जागी ठोकलंय शेठ, आवाज नीट फिरत नाही. वा! नाचता येईना अंगण वाकडं.

सुपडूही खेळाला गेला होता, जमिनीवरच्या तिकिटात. त्याला विचारलं. या वेळी मात्र मोठ्यानं बोलला. "शेठ, आवाज तोच शे. बठ्ठा लोक रडनात. तुम्हले काय व्हयनं?" म्हणे सगळे रडले! त्याला गाण्यातलं काय कळतंय! जास्त बोलू नकोस म्हटलं, धोतरजोड्यांची थप्पी लाव. तीस वर्षं माझ्याकडे आहे, असा बोललो नव्हतो त्याला. तो थप्पी लावत बसला आणि मला आणखीच राग आला.

चंदनबाई ताट घेऊन समोर येऊन बसली. हल्ली बोलायचं झालं की ती समोर येते. पूर्वी स्वयंपाकघरातूनच बोलायची. उतारवयात प्रेम वाढतं म्हणतात, ते खरं असावं. बांगड्या मात्र कमी केल्यात की काय कोण जाणे. घरात वावरते ते कळतच नाही.

२ जानेवारी

बुवा आले होते. दरवर्षी मुक्काम हलवण्याआधी येतात. गादीवर टेकतात, धोतरजोडी घेतात, चहा पितात आणि विचारतात, यंदा कसं काय झालं शेठ? यंदाही विचारलं. फार हळू विचारलं. मला पुढे वाकावं लागलं.

मी म्हटलं, "बुवा, आवाज गेला. आता गाऊ नका."

वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. दिवाळीत महिनाभर तापानं अंथरुणावर होतो, म्हणाले, तेव्हापासून मलाच शंका येत होती. मंडळीतले सगळे म्हणतात आवाज होता तसा आहे, पण मंडळीतले म्हणणारच. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "टाळ्या काय, लोक नाटकाला देतात. गाणं कसं झालं ते मी तुमच्या खुर्चीकडे बघून ठरवतो."

चहा तसाच राहिला. धोतरजोडीही.

मी खरं ते बोललो. इतरांसारखी तोंडदेखली स्तुती केली नाही. बुवांसारख्या माणसाला खरंच सांगायला हवं.

४ जानेवारी

पाल उतरलं. मैदानात खुंट्यांची भोकं. यंदा स्टेशनवर निरोपाला गेलो नाही.

९ जानेवारी

मेहुणे दलिचंद दोंडाईच्याहून मालासाठी आले. तापीविलासचे खेळ त्यांच्याकडे झाले. चंदनबाईला कौतुकानं सांगत होते, अर्धं माझ्या कानावर पडलं, अर्धं पुन्हा विचारून घेतलं.

बुवा दोंडाईच्याला गायलेच नाहीत! पदं सगळी जावयाचं काम करणाऱ्या लीलाधर म्हणून एका पोरसवद्या नटाला दिली. बुवा नुसते बोलले. बापानं निरोप घ्यायचा आणि पद म्हणायचं जावयानं — लोक हसले म्हणे. धुळ्याला १८ तारखेला शेवटचा खेळ. त्या दिवशी निरोपाचं पद एकदाच बुवा स्वतः म्हणणार, आणि मग गाणं कायमचं बंद. कासोद्याकडे भावाची शेती आहे, तिथे जाणार. दलिचंद म्हणाले, कुणीतरी जळगावच्या जाणकारानं सांगितलं म्हणे त्यांना, आवाज गेला म्हणून.

मी मान खाली घालून पापड मोडत बसलो.

खरं बोलल्याचं वाईट का वाटावं? वाटतंय.

११ जानेवारी

आज दुपारी दुकानात गुणगुणून पाहिलं, मेघावतीतलं पद. मलाच नीट येईना. सुपडू बघत होता.

१४ जानेवारी, संक्रांत

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी कासारीण आली होती. शेजारपाजारच्या बायका ओसरीवर जमल्या. त्या गेल्यावर मी थट्टेनं चंदनबाईला म्हटलं, बरं झालं नव्या बांगड्या भरल्यास, जुन्या मेल्या वाजतच नव्हत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मग समोर येऊन बसली, हल्ली बसते तशी. म्हणाली, मी भरल्याच नाहीत. या जुन्याच आहेत. (ती मारवाडीत बोलते, मी मराठीत लिहितो.)

मग तिनं हात उचलला आणि माझ्या डाव्या कानाशी जोरजोरात हलवला. बांगड्या एकमेकींवर आपटताना मला दिसत होत्या. लाल, त्यांच्यात दोन हिरव्या. ऐकू काही आलं नाही. उजव्या कानाशी हलवला. तिथे थोडं आलं — पेटीत कोंडून ठेवल्यासारखं.

तिच्या डोळ्यांत पाणी. तिळगुळाची वाटी माझ्या हातातच.

लग्नात पहिल्यांदा ऐकली ती हिची बांगडीच. तोंड तर आठ दिवसांनी दिसलं होतं.

१५ जानेवारी

डॉक्टरांनी पोलादी चिमटा ठोकून कानाशी धरला. मला वाटलं, अजून ठोकायचाय. ते म्हणाले, केव्हाचा वाजतोय.

बारीक आणि उंच आवाज आधी जातात म्हणे, जाडे आवाज टिकतात. तबला टिकतो. ऑर्गनचा खर्ज टिकतो. परत येण्याचं औषध नाही.

अंगण सरळच होतं!

घरी आल्यावर चंदनबाईला विचारलं, तुला केव्हा कळलं? पर्युषणात, म्हणाली. मागून हाक मारली तर तुम्ही वळायचे बंद झालात. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "सांगितलं असतं तर तुम्ही नाटकाला गेला नसता. म्हटलं, अजून एक वर्ष तरी होऊ दे." म्हणून ती समोर येऊन बसत होती. आणि मी आपला प्रेम वाढलं म्हणून लिहून मोकळा. तेही खोटं नव्हतं म्हणा.

संध्याकाळी सुपडूचा हात धरला आणि माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या शेठ. मोठ्यानं म्हणाला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त बुवांना. आणि त्यांनीच माझ्या कानावर भरवसा ठेवला.

१६ जानेवारी

बुवांना कार्ड लिहिलं. सुरुवातीलाच मिच्छामि दुक्कडम्. आम्ही संवत्सरीला घरोघर जाऊन ज्याच्या त्याच्याजवळ क्षमा मागतो, कळत दुखावलं असेल, नकळत दुखावलं असेल म्हणून. संवत्सरी भाद्रपदात, आणि आत्ता आहे पौष. त्याला इलाज नाही. पुढे लिहिलं, बुवा, आवाज तुमचा गेलेला नाही, कान माझा गेलाय. इथे पेन थांबलं. एवढं लिहिलं आणि त्यांना वाटलं, शेठ माझं समाधान करतोय — तर? आणि १८ च्या आत पोचलंच नाही तर? फाडलं.

मीच जातो धुळ्याला. खेळाआधी गाठतो आणि सांगतो. चंदनबाई म्हणाली, मीही येते. बावीस वर्षांत तिनं पालात पाऊल टाकलेलं नाही. म्हणाली, तुम्हाला नाही आलं ऐकू तर मी ऐकून ठेवीन.

तिळगुळाचा डबा तिनं आत्ताच पिशवीत भरला.

१८ जानेवारी, पारोळा

एसटीचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणतो अर्धा तास. दोन तास झाले. सूर्य कलला. चंदनबाईनं इथेच बांधावर जेवायला वाढलं. मी दोन घास खाऊन चाकापाशी जाऊन उभा राहिलो. खेळ नऊला आहे.

१९ जानेवारी, धुळे

काल तिसरी घंटा झाल्यावर पोचलो. आत रंगपटात कुणी सोडेना. चंदनबाई बायकांच्या बाजूला, मी पुढे. निरोपाचं पद आलं. मी बुवांच्या ओठांवरून नजर काढली नाही. एकाएकी तबला थांबला, बुवांनी डोळे मिटले, ओठ मिटले. संपलं! उठलो आणि होता तेवढा जीव एकवटून ओरडलो — वन्स मोअर!

संपलं नव्हतं. चंदनबाई सांगते, शेवटचा अंतरा बाकी होता, बुवा नुसते थांबले होते. सगळं पाल माझ्याकडे वळलं. बावीस वर्षांत माझा वन्स मोअर कधी चुकला नव्हता. बुवा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तबलजीला खूण केली, अगदी पुढे माझ्या खुर्चीसमोर आले आणि पद पहिल्यापासून घेतलं. संपल्यावर लोक आपण होऊन उठले. माझी वाट कुणी पाहिली नाही.

खेळानंतर बुवा तोंडावरच्या रंगासकट बाहेर आले. माझ्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं विचारलं, "शेठ, कधीपासून?"