पंधरा पावलांवरचा मासा

सोमवार, ता. ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन हॉलमध्ये आहे आणि फोनशेजारच्या खुर्चीत हे आहेत, म्हणून पत्र. तुझं नाव निघालं की हे पेपरचं पान इतक्या जोरात उलटतात, की पलीकडच्याला वाटावं कुणी चादर झटकतंय. एक वर्ष होत आलं, तरी अजून तू ह्या घरात 'तो दुकानदार'च आहेस.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला सांग, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तीस वर्षं वॉर्डात हेच सांगत आले. कुणी ऐकलं नाही, तीही ऐकणार नाही, पण नर्सची जीभ स्वस्थ बसत नाही.

आता मुद्द्याचं. माझी एक मैत्रीण आहे, तू तिला ओळखत नाहीस. तिला ह्या वयात किनाऱ्यावरून गळ टाकायचा नाद लागलाय. माझ्या भावाचं गळ-काठ्यांचं दुकान आहे असं मी बोलून गेले, तर म्हणाली विचारून दे. प्रश्न तिचे, अक्षर फक्त माझं.

तिच्याकडे जेमतेम साडेपाच फुटांची काठी आहे, लहान मुलांची, मुठीवर पिवळं बदक रंगवलेली. तिला विचारायचंय की ह्याहून जरा लांब घ्यावी तर किती? नऊ फूट बास का? दोरीला वजनाचं शिसं ती गोल लावते, पण ते लाटेबरोबर गडगडत जातं आणि दोरी बाजूला येऊन पडते. तिकोनी लावलं तर वाळूत रुतून बसेल का? आणि गळ किती लहान असावा? सध्याचा मोठा वाटतो, मासा आमिष कुरतडून पसार होतो.

आणखी एक. ती दोरी बोटावर धरून उभी राहते. आधी बारीक टकटक लागते, मग सगळं थांबतं, आणि मग एक ओढ येते. ती टकटकीला हात हलवत नाही, ओढीला हलवते. बरोबर ना? ती म्हणते नाडी बघितल्यासारखं लागतं. (नाडीचं मीच तिला सुचवलं.)

फेसाच्या दोन ओळींमध्ये जिथे पाणी काळपट दिसतं तिथेच, भरती चढताना, तिला मासे मिळतात. कडेपासून पंधरा पावलं. हे नशीब, की नेहमीच असं असतं?

ह्यांचं म्हणशील तर ह्यांचं फार नाव झालंय. काठी तीच, चौदा फुटी. शाळेच्या मैदानावर नुसतं शिसं बांधून फेकतात आणि टेपने मोजतात. परवा एकशे चार मीटर भरलं. मासेही मिळतात. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

उत्तर घरी पाठवू नकोस. आमच्या खालच्या औषधाच्या दुकानात पाठव. तो औषधवाला माझा जुना पेशंट आहे, तोंड उघडणार नाही.

तुझी
ताई


शुक्रवार, ता. १४ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

बदकावरून पकडशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तूच माझ्या नातवाला ती काठी पाठवली होतीस आणि मीच तुला तिचं वर्णन कळवलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. होय, मैत्रीण मीच. आता हसून झालं असेल तर पुढचं वाच, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. म्हणजे आहे, पण तू हसू नकोस.

तुला ह्यांची फक्त आढ्यता दिसली. मला ती खुर्चीही दिसली आहे. छत्तीस वर्षं हा माणूस उन्हातान्हात लोकांच्या जमिनी मोजत फिरला. रिटायर झाल्यावर महिनाभर घर मोजलं. स्वयंपाकघर नकाशापेक्षा चार इंच लहान निघालं, त्यावर बिल्डरला पत्र गेलं. मग मोजायला काही उरलं नाही आणि हे त्या खुर्चीत बसले ते आठ महिने. जेवायलाही हाक मारावी लागायची. ह्या गळाच्या वेडानेच ते उठले, म्हणून काठी चौदा फुटांची असो की चाळीस, माझी तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी तू आलास आणि ह्यांच्या गळवाल्यांच्या क्लबच्या सगळ्या मंडळींसमोर म्हणालास, "दाजी, माशांच्या डोक्यावरून फेकताय. मासा इथे पायाशी आहे." ह्यांनी तुला सुनावलं, "मला अंतर शिकवू नका, दुकान चालवा." त्यावर तू हसलास. तुझं चुकलं नव्हतं बारक्या, पण तू हसायला नको होतंस.

त्यानंतर दहा आठवडे ह्यांना मासा सोडाच, शिंपलासुद्धा लागला नाही. एके सकाळी एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन पलंगावर बसले होते. म्हणाले, "आज राहू दे." मी जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. विरंगुळा म्हणून बदक बरोबर घेतलं. हे वाळूत ठोकलेल्या पाइपात काठी रोवून एका नवख्याला वाऱ्याबद्दल सांगायला गेले आणि मी, तू दाखवलं होतंस तिथे, आपला गळ टाकला. पाच मिनिटांत मासा! वीतभर असेल, पण माझ्या बोटाला जे कळलं ते मी तुला पत्रात सांगू शकत नाही.

आता ऐक पुढे काय केलं. मासा बादलीत टाकला. ह्यांची दोरी हाताला रग लागेस्तोवर गुंडाळून घेतली. मासा ह्यांच्या गळाला अडकवला आणि गुडघाभर पाण्यात सोडून दिला. काठीच्या टोकाची घंटी वाजली आणि हे धावत आले. बारक्या, आमची लेक सायकलवरून पडली होती त्यानंतर ह्यांना मी धावताना पाहिलं नव्हतं. सहासष्ट वर्षांचा माणूस वाळूत दोनदा पडला आणि दोनदा हसत उठला. तो चेहरा बघून कुणी खरं सांगितलं असतं?

एकदा खपलं की सवयच लागते. आजवर असे एकतीस मासे झाले.

ह्यांना शंका कशी येत नाही म्हणशील. आली. शंभर मीटरवर टाकलेला गळ दहा मीटरवर कसा, हा प्रश्न ह्यांनी स्वतःच काढला आणि स्वतःच सोडवला. ह्यांच्या मते लांब पल्ल्याच्या फेकीने मासा बिथरतो आणि आपण होऊन किनाऱ्याकडे धावत येतो. ह्यावर आकृत्यांसह चार पानी टिपण तयार आहे. क्लबचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत. त्यांना माशाचंही तोंड उघडून बघायची खोड. परवा म्हणाले, "ह्याला दोन भोकं कशी?" माझ्या पायाखालची वाळूच सरकली. हे म्हणाले, "अधाशी आहे, दोनदा चावला."

आणि आता रविवारी, तेवीस तारखेला, ह्यांचं प्रात्यक्षिक ठेवलंय. चाळीस माणसं, वाळूवर खुर्च्या, ह्यांचं टिपण प्रत्येकाच्या हातात. ऐंशी डोळ्यांसमोर मी मासा कसा अडकवू? एकही लागला नाही तर लोक हसतील, आणि हे परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. ह्या वेळी उठणार नाहीत, मला माहीत आहे.

बुधवारी चहाच्या वेळी मी सगळं सांगून टाकलं. पहिल्यापासून, बादलीसकट. ह्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मलाच भरून आलं. म्हणाले, "तुला एकही मासा मिळत नाही ह्याचं वाईट वाटतं, कळतं मला. पण म्हणून असं बोलू नये." मग कप परत उचलत, "बदकाने?" आणि मला शिकवायचं वचन दिलं. तीस वर्षांत भले भले पेशंट पाहिले, पण कबुलीजबाब परत करणारा हाच पहिला.

आता राहिलेलंही सांगते. ह्यांच्यासाठी केलं हे खरं, पण हल्ली टाळ्या वाजल्या की मला झोंबतं. मासा माझा, कौतुक ह्यांचं, आणि मी मागे थर्मास धरून उभी. मला एकदा तरी कुणीतरी विचारावंसं वाटतं, कुठे टाकतेस, कशी टाकतेस. हे वाचून झालं की पत्र फाडून टाक.

काय करू ते लवकर कळव.

तुझी
ताई


शनिवार, ता. १ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

"काही करू नकोस, नुसता आपला गळ टाक" एवढी एकच ओळ आणि सोबत तिकोनी शिशांची पुडी. औषधवाल्याने ती गोळ्या समजून जेवणानंतर घ्यायला सांगितली.

रविवारी चाळीस नाही, बावन्न माणसं आली. हे इस्त्रीचा शर्ट घालून पाऊण तास बोलले. मग फेक केली. बारक्या, मासा कुठे असतो ते असो, पण फेक देखणी होती. शिसं दिसेनासं झालं आणि टाळ्या पडल्या. मग सगळे घंटीकडे बघत बसले.

अर्धा तास झाला. तास झाला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, एका जाड्या गृहस्थाने डबा उघडला, मागच्या रांगेतले दोघे वाळूत रेघा मारून फुल्ली-गोळा खेळायला लागले. "आता येईल, धावत येईल," हे म्हणत होते, दर वेळी आवाज जरा खाली. आणि मग ह्यांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं माझ्याकडे बघतायत. पण हे बादलीकडे बघत होते.

म्हणजे त्या बुधवारचं माझं बोलणं कुठेतरी आत जाऊन बसलं होतं. बादली रिकामी होती. हे नजरेने काहीतरी मागत होते आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की तिथे उभंच राहवेना. मी बदक उचललं, घोट्याभर पाण्यात गेले आणि टाकला गळ पंधरा पावलांवर.

तुझं शिसं रुतून बसलं. टकटक झाली. थांबली. ओढ आली आणि मी हात हलवला. त्या पोराटोरांच्या काठीची पार कमान झाली. बावन्न माणसं खुर्च्या पाडून धावली. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा मासा! डॉक्टरांनी सवयीने त्याचं तोंड उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्याला एकच भोक आहे."

तेवढ्यात कुणी विचारलं, "बाई, कुठे टाकता, कशी टाकता?" मला हेच हवं होतं ना? मी मागे पाहिलं तर हे एकटेच पाइप उपटत होते.

पाच दिवस हे खुर्चीत. पेपर नुसता मांडीवर. तुझं नाव मी मुद्दाम दोनदा काढून पाहिलं, पान उलटलं नाही. गुरुवारी भांडी घासता घासता मी रडले. एकतीस मासे ह्यांचे आणि एक माझा, आणि त्या एकाने माणूस बसवला असं वाटलं.

काल सकाळी साडेपाचला जाग आली तर पॅसेजमध्ये दिवा. हे उभे. दोन्ही पायांत मोजे, हातात मोजणीचा टेप.

"पंधरा पावलं म्हणालीस," हे म्हणाले. "तुझी की माझी?"

अडतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला माप विचारलं नव्हतं. "माझी," मी म्हटलं.

किनाऱ्यावर मी टेपचं टोक धरलं आणि हे पँट वर करून पाण्यात शिरले. दोनदा लाटेने झोडपलं, पण मोजणी पुरी केल्याशिवाय बाहेर आले नाहीत. मग बदक हातात घेतलं. पहिल्या टकटकीलाच हिसका दिला, मासा गेला. दुसऱ्याही वेळी तेच. मी ह्यांचं बोट धरून दोरीवर ठेवलं आणि म्हटलं, "थांबा. अजून थांबा. आता!" करंगळीएवढा मासा लागला. मी हातभर अंतरावर उभी असताना हे मला हाका मारत होते.

परत येताना म्हणाले, "एका काठीत दोघांचं भागणार नाही. तुझ्या भावाला विचार." 'दुकानदार' नाही म्हणाले, माझं लक्ष होतं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही विचारा. तासभर पेन घेऊन बसले होते. खालचं अक्षर ह्यांचं आहे.

तुझी, बत्तिसाव्या माशाची मालकीण,
ताई

स. न. वि. वि.
आखूड काठ्या दोन पाठवाव्यात. नऊ फूट पुरेत असे हिचे मत आहे आणि ते मला मान्य आहे. बदकाची काठी परत मिळणार नाही. आपण गेल्या वर्षी दाखवलेली जागा काल मोजली, कडेपासून साडेनऊ मीटर भरली. आपण स्वतः येऊन खात्री करावी. हसायला हरकत नाही.

आपला
दाजी