बुटातला चहा

कामशेत
मंगळवार, ८ जुलै

श्रीमान ॲडव्हेंचर कोच ओम यांस,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक. तिकडे तूही ठीकच असशील, फोटोत दात तरी बरेच दिसतात. पाऊस मनासारखा आहे. खालच्या शेतात भातलावणी सुरू झाली. आईचे गुडघे दुखतात, आणि ते दुखणार हे तिने मे महिन्यातच जाहीर केलं होतं. गुरुवारी पौर्णिमा, विहारात वर्षावास सुरू होईल. ग्रंथवाचनाला आई पहिल्या रांगेत बसेल आणि दुसऱ्या पानाला झोपेल. अक्षर वाकडंतिकडं येतंय, टेबलाचा पाय हलतोय.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र नाही. लोणावळा आणि कामशेत यांच्यामध्ये एक मळवली स्टेशन आहे, तेवढं ओलांडायला तुला वर्ष पुरलं नाही. माझ्याकडे कयाक शिकणारी तेजल रोज लोणावळ्याला कॉलेजला येते, तिच्याकडे हे देतेय. तिला बजावलंय, त्याच्या हातात दे, त्याच्या रिसॉर्टच्या काउंटरवर ठेवून येऊ नकोस.

कामाचं सांगते. येत्या रविवारी तेजल रांजणात उतरणार आहे. पुढच्या महिन्यात तिला कयाकिंगच्या स्पर्धेसाठी हिमाचलला जायचंय, आणि पुलाच्या वरच्या अंगाला नदीतला तो रांजणासारखा भोवरा पार केल्याशिवाय आपल्याकडचं कुणी बाहेरच्या नदीवर जात नाही, हा सुभेदारांचा नियम. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी तुला-मला कयाकमध्ये बसायला शिकवलं, ते आता नाहीत, पण नियम आहे. रांजणाच्या खालच्या काळ्या खडकावर दोर घेऊन माणूस उभा हवा. बाकीच्या मुली शिकताहेत, पण अजून त्यांचा दोर करंजाच्या झाडात जाऊन अडकतो. तो खडक आणि ते पाणी तुला माहीत आहे. म्हणून तुझी आठवण काढली. फुगू नकोस. दुसरं कुणी मिळालं असतं तर काढली नसती.

मी स्वतः का टाकत नाही, हे विचारू नकोस. मला वर उभं राहून खुणा करायच्या आहेत.

तुझा व्हिडिओ पाहिला. पाहिला म्हणजे, पुलावरच्या टपरीत दत्तोबाने चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्या आवाजात लावला. 'संकटाला मिठी मारा.' मागे निळा पडदा, तुझ्या कानाला माइक, समोर कंपनीतली माणसं एसीत कुडकुडत बसलेली. तू सांगतोस, "माझी कयाक उलटली. डोकं खाली, चहूकडे पांढरं पाणी. मी स्वतःशी बोललो, ओम, तू करू शकतोस!" मग कोरड्या स्टेजवर कमरेला झटका देऊन दाखवतोस, कयाक म्हणे सरळ झाली, आणि टाळ्या. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसते. मला तिची दया आली. कंपनीने शनिवारची सुट्टी खाल्ली ती खाल्ली, वर तुझं ऐकावं लागलं.

दत्तोबा म्हणाला, "आपला ओंकाऱ्या लय मोटा मानूस झाला की गं! पर हे आसं कवा झालं? मी तर त्या दिशी हितंच हुतो."

मी म्हटलं, "तुमचं लक्ष दुधाकडे असेल."

"दूध ऱ्हाऊ दे. मला दिसलं ते दिसलं," म्हणाला आणि त्याने व्हिडिओ बंद केला. तुझी लाज मला वाटली नाही, त्याला वाटली.

स्वतःशी बोललास म्हणे! ओंकार, पाण्याखाली माणूस बोलत नाही, पाणी पितो. तू चांगलं लिटरभर प्यायलास. आठवणीत गोंधळ झालेला दिसतोय, म्हणून काय झालं ते लिहून पाठवते. पडद्यामागे चिकटवून ठेव.

गेल्या वर्षी याच दिवसांत तू रांजणात उतरलास. पाणी चढतंय, आज नको, असं मी म्हटलं होतं. पण पुलावर पुण्याची मंडळी छत्र्या आणि मोबाइल घेऊन उभी होती. तू त्यांना हातसुद्धा हलवलास. रांजणाच्या तोंडाशीच कयाक आडवी झाली आणि उलटली. तू एक झटका दिलास, अर्धा वर आलास, पुन्हा गेलास. मग घाबरून कयाकमधून बाहेर पडलास. वल्हं गेलं, कयाक गेली, आणि तू धुण्याच्या मशीनमध्ये मोजा फिरावा तसा त्या भोवऱ्यात फिरत राहिलास. मी खालच्या खडकावर होते. दोर टाकला. पहिल्याच फेकीत तुझ्या छातीवर पडला, यात कौतुक माझं आहे. तू धरलास. मी ओढलं. एवढीच गोष्ट. यात मिठी कुणी कुणाला मारली नाही.

बाहेर आलास, खोकलास, ओकलास. पुलावर कुणीतरी हसलं. तुझा एक बूट नदीने नेला होता, दुसरा काढून तू माझ्या अंगावर भिरकावलास. "दोर उशिरा टाकलास, तुझ्यामुळे झालं," म्हणालास आणि तसाच मोज्यांवर रस्त्याने चालता झालास. मी खडकावर बसून होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस.

आता नियम. स्टेजवरच्या माणसाला बारीकसारीक गोष्टी आठवत नसतात, म्हणून तोही लिहिते. जो कयाकमधून बाहेर पडला, त्याने त्याच दिवशी, नदीवर असलेल्या सगळ्यांसमोर, स्वतःच्या ओल्या बुटातून चहा प्यायचा. गाळून नाही, नाक धरून नाही. प्यायला की विषय मिटला. मग त्या पडण्याबद्दल कुणी चेष्टा करायची नाही, शहाणपणा शिकवायचा नाही, पुन्हा कधी तो विषयच काढायचा नाही. सुभेदार स्वतः प्यायचे, मिशा पुसून "पुढे चला" म्हणायचे. मी तर इतक्यांदा प्यायलेय की दत्तोबा विचारायचा, "तुजा कपात का बुटात?"

तेजलने परवाच प्यायला. वरच्या आळीतल्या बाजीरावांची नात. ज्या घरी आपल्या सरूआज्जीला ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्या घरची पोरगी आपल्या ओट्यावर मांडी घालून बसली, स्वतःच्या बुटातला चहा संपवला, आणि वर मला म्हणते, "ताई, साखर जास्त झाली." बाजीराव बाहेर जीपमध्ये बसून होते. त्यांना आईने कपात दिला. प्यायले.

तू तेवढा प्यायला नाहीस. म्हणून तुला दर शनिवारी पडदा लावून, माइक लावून ती गोष्ट सांगावी लागते. ज्याने चहा प्यायला त्याला सांगावी लागत नाही.

आईला व्हिडिओ दाखवला. तिने तुझं भाषण ऐकलंच नाही. म्हणाली, "गालफडं बसल्यात त्याची. हाटेलात कसलं खातंय कुनास ठाव." मग मुगाचे लाडू करायला बसली. लाडू तेजलकडे देणार होती, मी पाठवले नाहीत. पाचसहा मीच खाल्ले, बाकीचे मुलींनी. चांगले झाले होते.

पेन बदललंय. ते आधीचं अडकत होतं.

हे पत्र मी तीनदा बसून लिहितेय. मधे तेजल आली, माझी वेणी घालून गेली. रोज सकाळी ती घालते. वाईट घालते. आईने घातली तर आई रडते, म्हणून तेजल.

ओंकार, टेबलाचा पाय हलत नाही. पेनही चांगलं होतं. मी डाव्या हाताने लिहितेय.

तुझं वजन आणि नदी, दोन्ही एकदम उजव्या खांद्यावर आलं. खांदा निखळला. दोर सोडला असता तर निखळला नसता, पण सोडला नाही. तू रस्त्याने चालत होतास तेव्हा मी खडकावर बसले होते, कारण मला उठता येत नव्हतं. खांदा डॉक्टरांनी बसवला, पण आतली शीर ताणली गेलीय. हात छातीच्या वर जात नाही. पेन धरलं की बोटं झोपी जातात. तेव्हापासून मी कयाकमध्ये बसलेले नाही. काठावरून ओरडते, नव्या मुलींना वाटतं ताई मुळातच कजाग. डाव्या हाताने दोर टाकून पाहिला. माझ्याच पायाशी पडतो.

तुला कळवलं नाही. आईलाही कळवू दिलं नाही. कळलं असतं तर तू धावत आला असतास, सफरचंदं घेऊन, रडत. हातासाठी आलेला भाऊ मला नको होता. चहा प्यायला आलेला हवा होता. वर्षभर प्रत्येक रविवारी मी वाट पाहिली, हे लिहितानाही मला तुझा संताप येतोय. हात गेला याचा राग नाही. दुसऱ्या कुणासाठीही दोर धरलाच असता. राग याचा, की ताई खडकावर का बसली होती, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. ती बाई तुझ्या खोट्यावर रडली, आणि खरं तुला माहीतसुद्धा नव्हतं.

आता सांगतेय ते तेजलसाठी. तिच्या घरच्यांनी तिला हे एकच वर्ष दिलंय. खाली दोर नसेल तर मी तिला उतरू देणार नाही, कयाक कुलपात ठेवलीय. ती म्हणते, "ताई, दोर लागनारच न्हाई, मी जाते की." तूही असंच म्हणाला होतास. माझ्या हट्टापायी तिचं हिमाचल बुडू नये, म्हणून हट्ट सोडला. हे लिहायला मला किती जड गेलं ते तुला अक्षरावरून कळेल.

तुझा बूट माझ्याकडे आहे. धुतलेला नाही. चहा त्याच दिवशी प्यायचा असतो, पण मी मुदत वाढवतेय. येणार नसशील तर निदान पुढच्या शनिवारी ती नदीची गोष्ट सांगू नकोस. कोकणातल्या एखाद्या समुद्राची सांग, तिथे आमचं कुणी नसतं.

अपेक्षा

('तुझी' आणि 'ताई' लिहिलेलं नाही. मुद्दाम.)


कामशेत
गुरुवार, १७ जुलै

चि. ओंक्या,

जयभीम.

तुझा ओला शर्ट राहिला होता, तेजलकडे दिलाय. कॉलर घासायची असते हे रिसॉर्टवाले शिकवत नाहीत वाटतं. दोर वाळत घातलाय. तू पिशवीत भरलास तो दोर नव्हता, शेवया होत्या. आख्खा बाहेर काढून पुन्हा भरायला लावलंस, आणि तेही एका हाताने.

फोन तू हल्ली उचलतोस, तरी लिहितेय. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताने रोज पानभर लिहा. कुणाला लिहू? आई वाचत नाही.

तेजलचं तिकीट निघालं. तुझं निळं हेल्मेट नेऊ का म्हणाली, मी ने म्हटलं. तुला विचारलेलं नाही. रविवारी ती दोनदा उलटली तेव्हा तू दोराची पिशवी उचलून खडकाच्या पार कडेला आलास, ते मला वरूनसुद्धा दिसलं. ती दोन्ही वेळा आपली आपण वर आली. तुझा दोर पिशवीतच राहिला. दोर घेऊन तयार उभं राहायचं आणि तो लागू नये, यालाच चांगलं काम म्हणतात. यावर तुला भाषण करता येणार नाही, म्हणून सांगितलं.

आई तुझ्यावर रागावलीय. "दोन भाकरी उरवून गेला. येवढ्या लांबनं येतंय आन् चिमनीवानी खातंय." मळवली एवढी लांब असते हे मला नव्हतं माहीत.

दत्तोबा दोन दिवस मागे लागलाय. "प्यायला का गं ओंकाऱ्या? पोरी म्हनत्यात लय येळ लागला. रडला बी म्हनं?"

मी म्हटलं, "काय प्यायला? मला काहीच आठवत नाही."

"आगं, तुज्याच ओट्यावर की!"

"नाही हो. तुम्हीच दूध बघा, उतू जातंय."

शनिवारी डॉक्टरांकडे तू येतो म्हणालास. शनिवारी तुझा कार्यक्रम असतो. मी काही तो मोडायला सांगितलेला नाही, तुझं तू बघ. आलास तर सफरचंदं आणू नकोस, मला आवडत नाहीत, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पेरू आण.

बूट आज धुतला. ओट्यावर वाळतोय.

तुझी,
ताई