वेगळं ताट

माजिवडा, ठाणे
४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुमेधाताईस,
सा. न. वि. वि.

तुझे फोन घेत नाही म्हणून रागावू नकोस. जिभेच्या कडेला फोड आलाय, बोलताना अडखळतो. आणि निवृत्त मुख्याध्यापिकेसमोर अडखळायची मला लहानपणापासून धास्ती!

हिरड्या आधीच खराब, त्यातलेच जंतू असणार. हळदीच्या गुळण्या चालू आहेत. पेपरात आलंय, हिरड्यांतल्या जंतूंचा आणि तोंडाच्या कॅन्सरचा संबंध असू शकतो म्हणे. म्हणजे सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या माणसाची सुटका नाही.

सध्या माझं ताट वेगळं, पेला वेगळा. राघोला दारातूनच दाखवतात. सहा महिन्यांचा नातू हात पुढे करतो आणि मी खाटेवर नुसता बघत बसतो. पुढल्या महिन्यात त्याचं उष्टावण. हेमांगीला भाऊ नाही, म्हणून मामाऐवजी पहिला घास मी भरवायचा असं ठरलं होतं. आता ते राहिलंच.

फोन घेतला नाही तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
गुरू

कोपर, डोंबिवली
१० फेब्रुवारी

चि. गुरुदत्तास,
अ. उ. आ.

पत्र वाचून डोकंच फिरलं. स्वतःच्या घरात तुला वाळीत टाकलं? तुझा साकेत बायकोपुढे मूग गिळून बसणार, तो पहिल्यापासून तसाच. हेमांगीला मी वेगळं खरमरीत पत्र टाकलंय. वहिनी असती तर सुनेची अशी हिंमत झाली असती का?

आणि डॉक्टरांकडे गेलास का, हे लिहायला मात्र सोयीस्कर विसरलास.

रागात माया असते, तेवढी ओळखून घे.
तुझी,
ताई

माजिवडा
१५ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून खूप रडले. फोनच करणार होते, पण बाबांना शेजारच्या खोलीत सगळं ऐकू जातं.

वेगळं ताट मी काढलेलं नाही. पेपरातलं ते जंतूंचं वाचल्यापासून बाबांनीच काढलं. स्वतःच घासतात. राघोला घेऊन गेलं की लांबूनच बघतात आणि लगेच दार लावून घेतात. तो रडला की आतून टाळ्या वाजवतात. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत फोडाचा तुकडा काढून तपासायला सांगितला होता. साकेत तारीख घेतो आणि बाबा ऐन वेळी जात नाहीत. तपासलं नाही तोवर जंतूच आहेत, असं म्हणतात. फोड वाढतोय, आत्या. ते आत अडकलेत आणि आम्ही दाराबाहेर. तुमचं तरी ऐकतील.

रागावलात तरी आम्हाला अंतर देऊ नका.
आपली,
हेमांगी

कोपर
१९ फेब्रुवारी

चि. गुरूस,
आशीर्वाद.

हेमांगीची मी माफी मागितली. तुझ्यापायी! कडी तूच लावलीस आणि लिहिलंस मात्र कुणीतरी कोंडल्यासारखं. नातवाला जंतू लागतील म्हणून त्याला लांब ठेवतोस आणि तो फोड तोंडात जपून ठेवतोस? याला काय म्हणायचं?

खरं सांगते, मलाही भीती वाटते. मला ताई म्हणणारा आता तू एकटाच उरलायस. सोमवारी सकाळी रिक्षा करून येतेय. तयार राहा. नाटकं नकोत.

माया आहे म्हणून येतेय, हे विसरू नकोस.
ताई

माजिवडा
९ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या सोमवारी तू सोबत आलीस म्हणून तुकडा काढू दिला. रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. परवा ऑपरेशन, जिभेचा थोडा भाग काढतील. हे जंतूंचंच काम का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, संशोधन चालू आहे, ठाम कुणीच सांगू शकत नाही. पण कॅन्सर ताटा-पेल्यातून लागत नाही, नातवाला खुशाल मांडीवर घ्यायचं होतं. लवकर आला असतात तर कमी कापावं लागलं असतं, हेही म्हणाले. त्या खोलीत बसून मी नेमकं काय राखलं, तेच कळत नाही. बाहेर आलो, पण सुटल्यासारखं वाटत नाही गं.

उष्टावण आजच उरकलं. गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून लिहितो. पहिला घास राघोने माझ्या सदऱ्यावर थुंकला, दुसरा गिळला. उरलेली खीर हेमांगी आत नेत होती, ती मी मागून घेतली. त्याच्याच वाटीतून, त्याच्याच चमच्याने खाल्ली. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, तरी वाटी निपटली. गोड होती.

हे पत्र मिळेपर्यंत ऑपरेशन होऊन जाईल, म्हणून साकेतच्या मोबाइलवरून याचा फोटो आत्ताच पाठवतोय. वाचलंस की लगेच फोन कर. मी उचलतो. जीभ आहे तोवर तुझी बोलणी खायची आहेत.

तुझा,
गुरू